आधी अट, मग बॉडी

बाई, काल फोनवर तू विचारलंस, "मामा, पहिली बॉडी घेतेय, सगळ्यात चांगली कोणती?" मी लगेच नाव सांगितलं नाही, त्याचा तुला थोडा राग आला असणार. पण पस्तीस वर्षं वर्ध्यात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरल्यावर मला ह्या प्रश्नाचं उत्तर एका नावात देता येत नाही. कोणतं काम, कुठला उजेड, आणि त्या जागेच्या अटी काय, हे कळल्याशिवाय बॉडीचं नाव घ्यायचं नसतं. म्हणून आज सगळं लिहून काढतोय. सावकाश वाच. दुकानात जाण्याआधी वाच.

तू सेवाग्रामच्या शेजारी वाढलीस, तर सुरुवात तिथूनच करू. कनू गांधींचं नाव तू ऐकलं असशील. नारणदास गांधींचे चिरंजीव, बापूंचे नात्यानं नातू. आश्रमातल्या बापूंचे जे फोटो आपण लहानपणापासून पाहत आलो, त्यातले कितीतरी त्यांनी काढलेले. बापूंचे फोटो काढावेत हे त्यांना सुचवलं विनोबांचे भाऊ शिवाजी यांनी. आश्रमाकडे त्यासाठी पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आणि फिल्मचा रोल आला. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. मी फोटोसाठी थांबणार नाही, पोज देणार नाही. आणि खर्चाचा एक पैसाही आश्रम देणार नाही. ह्या तीन अटींवर १९३८ पासून १९४८ पर्यंत ते फोटो काढत राहिले.

आता त्या अटींकडे कॅमेरा घेणाऱ्याच्या नजरेनं पाहा. फ्लॅश नाही, म्हणजे आहे त्या उजेडात काम झालं पाहिजे. पोज नाही, म्हणजे यंत्र झटपट चाललं पाहिजे आणि त्याचा आवाज, त्याचा रुबाब कोणाच्या अंगावर येता कामा नये. पैसा नाही, म्हणजे एका रोलच्या बारा फ्रेममधली एकही उधळायची नाही. रोलायफ्लेक्स ह्या तिन्हींत बसणारा कॅमेरा होता. पोटाशी धरायचा, वरून काचेत पाहायचं, त्यामुळे काढणाऱ्याची मान खाली झुकलेली असते. समोरच्यावर काही रोखलंय असं वाटतच नाही. त्याचं शटर लेन्समध्येच बसवलेलं, आवाज जेमतेम टिचकीएवढा. त्या काळची फिल्म मंद होती, झोपडीच्या आत काम कठीण होतं, तरी परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमांची सेवा करणारे बापू आपल्याला दिसतात ते ह्याच शिस्तीमुळे.

मी माझ्या प्रत्येक कॅमेऱ्याला हेच तीन प्रश्न विचारत आलो. उजेड किती मिळणार? समोरचा माझ्यासाठी थांबणार का? आणि खर्च कोणाच्या खिशातून? तू एक वही घे. पुढच्या वर्षभरात जी जी कामं तुला मिळतील असं वाटतं ती लिही आणि प्रत्येकापुढे ही तीन उत्तरं मांड. बॉडी त्या वहीतून निघेल.

वहीतलं पहिलं पान लग्नांचं असणार, हे आधी मान्य कर. आपल्या जिल्ह्यात फोटोग्राफरची चूल लग्नावर पेटते, बाकी सगळं त्यानंतर. त्यामुळे पहिली बॉडी लग्नाच्या अटींवर पारखून घे, मन जंगलात असलं तरी.

लग्नाचा उजेड दोन टोकांचा असतो. दुपारचं लग्न असेल तर मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळलेला उजेड खाली उतरतो आणि नवरीपासून भटजीपर्यंत सगळ्यांचे चेहरे तांबडे होतात. हा रंग नंतर काढायचा तर रॉ फाइल पाहिजे आणि सावलीत लपलेलं वर खेचता आलं पाहिजे. संध्याकाळच्या लग्नात उजेड कमी. उघड्या मांडवाला छत नाही, म्हणून फ्लॅश वर मारून उजेड परत खाली आणता येत नाही. अशा वेळी सेन्सरचा आकार कामाला येतो. पावसात अंगणात एक परात ठेव आणि एक वाटी ठेव, परातीत जास्त पाणी जमतं, एवढीच ती गोष्ट. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६६ च्या आसपास. कॅननचा त्याहून किंचित लहान. एकाच अ‍ॅपर्चरला परातीत सव्वादोनपटीहून जास्त उजेड पडतो. तेव्हा क्रॉप बॉडीवर ३२०० आयएसओला जेवढे दाणे दिसतात, तेवढे त्याच पिढीच्या फुल फ्रेमवर ६४०० च्याही थोडे पुढे गेल्यावर दिसतात. रात्रीच्या वरातीत हा एक स्टॉपचा फरक फार मोठा असतो. म्हणून लग्नासाठी माझं मत फुल फ्रेमच्या बाजूनं आहे.

मेगापिक्सेल मात्र २४ पुरे. दुकानदार तुला ४५ आणि ६१ चे आकडे दाखवेल. तू अल्बमचा हिशोब मांड. आपल्याकडचा अल्बम उघडला की बारा बाय छत्तीस इंच, म्हणजे एक पान बारा बाय अठरा. तीनशे डीपीआयनं छापायला ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल लागतात, साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत. चोवीसमध्ये पूर्ण पान भरतं. उलट ४५ ची एक रॉ फाइल ५० एमबीच्या आसपास जाते. एका लग्नाचे तीन हजार फोटो धर, दीडशे जीबी झाले, आणि दोन ठिकाणी जपून ठेवायचे तर तीनशे. चोवीसच्या बॉडीवर ह्याच्या जवळपास निम्म्यात काम होतं. हार्ड डिस्क, कॉम्प्युटर, रात्रीचं जागरण, सगळं त्या एका आकड्याच्या मागे वाढत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन कार्ड नसलेली बॉडी लग्नाला न्यायची नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी डिजिटलवर नवा होतो तेव्हा देवळीकडच्या एका गावात लग्न होतं. माझ्या बॉडीला कार्डाची एकच जागा होती. अंतरपाट खाली आला, अक्षता उधळल्या, हार पडले, मी वेड्यासारखा काढत होतो. घरी येऊन कार्ड लावलं तर ते उघडेना. नागपूरला नेलं, दोन ठिकाणी दाखवलं. आधीच्या कार्डावरचं सगळं होतं, पण मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंतचं काहीच परत मिळालं नाही. मी स्वतः त्या घरी जाऊन सांगितलं, पैसे परत केले. मुलीच्या वडिलांनी मला पाणी दिलं, काही बोलले नाहीत. त्या घरचा अल्बम आजही मंगलाष्टकांपाशी थांबतो. तेव्हापासून माझी बॉडी प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिते. मेनूमध्ये दुसऱ्या कार्डाची जागा 'बॅकअप'वर ठेवायची. एक कार्ड भरलं की दुसऱ्यावर जाण्याची सोय वापरायची नाही. आणि दोन्ही जागा कुठल्या कार्डाच्या आहेत तेही पाहा. काही बॉडींत एक सीएफएक्स्प्रेस आणि एक एसडी असते. सीएफएक्स्प्रेस महाग, आणि ऐनवेळी लागलं तर आर्वी-पुलगावला मिळेलच असं धरून चालू नकोस.

लग्नातली दुसरी गोष्ट स्टेजवरच्या उजेडाची. एलईडीच्या भिंती, रंगीत पार लाइट, सगळे लुकलुकत असतात, डोळ्याला कळत नाही इतकंच. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा झपकतात. तिथे १/५० किंवा १/१०० शटर धरलं तर बहुतेक सुटतं. एलईडी भिंतींची झपक वेगळीच, तिथे फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर ते जास्त येतात. म्हणून बॉडीला मेकॅनिकल शटर आहे का आणि अँटी-फ्लिकर आहे का, हे विचार. निकॉनच्या झेड८ सारख्या काही बॉडींत मेकॅनिकल शटरच नाही. त्यांचा सेन्सर इतका जलद वाचला जातो की बहुतेक वेळा अडत नाही, आणि झपकेशी शटर बारीक जुळवून घ्यायची सोयही त्यांत आहे. स्वस्त बॉडीत तसा जलद सेन्सर आणि ही सोय, दोन्ही सहसा नसतं.

आणि लेझर. वरातीत डीजेच्या गाडीवर हिरवा-निळा लेझर फिरायला लागला की कॅमेरा खाली कर. त्याची रेघ सरळ लेन्समध्ये शिरली तर सेन्सरवर कायमची जळकी रेष राहते, तिला दुरुस्ती नाही, सेन्सरच बदलावा लागतो. डीएसएलआरमध्ये निदान आरसा मध्ये असतो, तो फोटो काढतानाच्या क्षणापुरताच बाजूला होतो. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असेपर्यंत उघडाच असतो.

वजनाचं बोलायला हवं, कारण ते कोणी बोलत नाही. निकॉनचा डी८५० बॅटरीसकट किलोभर भरतो, वर किलोभराची लेन्स. सकाळी हळदीपासून रात्री पाठवणीपर्यंत दोन बॉडी अंगावर असतात. मिररलेसच्या फुल फ्रेम बॉडी, सोनीची ए७ मार्क ३ किंवा कॅननची आर६ मार्क २, साडेसहाशे-पावणेसातशे ग्रॅमच्या घरात येतात. माझे खांदे गेलेत, तुझे जाऊ देऊ नकोस. पण हलकी आहे म्हणून लगेच घेऊही नकोस. तुझा हात लहान आहे. दुकानात बॉडीवर स्वतःची जड लेन्स लावून पाव तास उभी राहा. करंगळी खाली लोंबकळते का, अंगठ्यानं मागचं बटण न शोधता सापडतं का, ते बघ. अंधारात मेनू वाचायला वेळ नसतो, बोटांनाच ठाऊक असावं लागतं.

आता तुझ्या मनातलं जंगल. बोर २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा १३८ चौरस किलोमीटरचा, देशातला अगदी छोटा. छोटा म्हणून सोपा समजू नकोस. साग आणि बांबूच्या आत पहाटे सहाला जो उजेड असतो तो रात्रीच्या मांडवापेक्षा फार जास्त नसतो, आणि इथे समोरचा थांबत नाही, फ्लॅशचं तर नावच काढायचं नाही. म्हणजे बापूंच्या पहिल्या दोन अटी इथे जशाच्या तशा लागू. तिसरी तर लागूच, कारण वाघाच्या फोटोचे पैसे इथे कोणी देत नाही.

जंगलासाठी क्रॉप बॉडी वाईट नाही, हे तुला आता ऐकून नवल वाटेल. ५०० ची लेन्स क्रॉपवर ७५० सारखी दिसते. लेन्स काही लांब होत नाही, चित्राचा मधला तुकडा तेवढा घेतला जातो, पण त्या तुकड्यात पिक्सेल दाट असतात म्हणून लांबच्या पाखराचं पीस दिसतं. निकॉनचा डी५०० ह्याच कामासाठी २०१६ मध्ये आला. २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला दहा फ्रेम. आता जुन्यातच मिळतो, पण चांगला राखलेला मिळाला तर आजही बोरमध्ये तो कुणापुढे मान खाली घालत नाही. डी८५० क्रॉप करून वापरला तर १९.४ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे जवळपास तेवढेच, वर बाकीच्या कामाला पूर्ण ४५.७ हातात. मिररलेसमध्ये कॅननचा आर७ आहे, ३२.५ मेगापिक्सेलचा क्रॉप. नव्या बॉडी प्राण्याचा डोळा स्वतः शोधतात, आणि फांद्यांच्या जाळीमागे उभ्या असलेल्या अस्वलाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवतात. हे जुन्या माणसालाही मान्य करावं लागतं, मी ज्या कामात आयुष्यभर हुकलो ते आता यंत्र करतं.

जंगलासाठी बॉडी बघताना सेकंदाला किती फ्रेम हे विचारण्याआधी किती वेळ, ते विचार. रोही रस्ता ओलांडतोय, तू बटण दाबून धरलंस, दोन सेकंदांत बॉडीचं पोट भरलं आणि ती अडली, तर वीस फ्रेमचा वेग काय कामाचा? दुकानात रॉवर ठेवून तुझं स्वतःचं कार्ड घाल, बटण दाबून धर आणि मोज.

पण माझं ऐकशील तर वर्षातल्या पाच-सहा सफारींसाठी बॉडी घेऊ नकोस. लग्नाची फुल फ्रेम बॉडी घे, त्यावर लांब लेन्स नागपूरहून भाड्यानं आण. जिप्सीच्या कडेवर तांदळाची नाही तर सरकीची पिशवी ठेव आणि त्यावर लेन्स टेकव. वाघ दिसला नाही तरी बोर धरणाच्या पाण्यावरची पाखरं आहेत, तारेवर बसलेला नीलपंख आहे. तो उडताना उघडणारा निळा धरायला शिकलीस की वाघ सोपा जाईल.

शांत जागांचं वेगळं सांगतो. आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलीस की शटरचा खटका पिंपळाखाली फार मोठा ऐकू येतो. तिथे मिररलेसचं बिनआवाजी शटर ही खरी देणगी आहे. कनू गांधींना जे रोलायफ्लेक्सनं मिळालं ते तुला इथे मिळतं. फिरणारा स्क्रीन असलेली बॉडी घेतलीस तर त्यांच्यासारखीच वरून पाहत काढता येईल, जमिनीवर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर. गुडघे टेकून, डोळा कॅमेऱ्याला चिकटवून बसण्यापेक्षा ते किती वेगळं असतं ते एकदा करून पाहा. समोरची बाई तुझ्याशी बोलत राहते.

पण ह्या बिनआवाजी शटरची एक खोड आहे आणि ती आपल्या गावातच सगळ्यात आधी पकडली जाते. चरखा चालवणाऱ्या आजीचा फोटो त्या शटरनं काढ आणि चाकाचे आरे बघ. ते वाकलेले दिसतील, विळ्यासारखे. कारण सेन्सर वरून खाली ओळीनं वाचला जातो आणि जुन्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडींना त्याला सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग लागतो. तेवढ्यात चाक पुढे गेलेलं असतं. झेड८, झेड९ सारख्या स्टॅक्ड सेन्सरच्या बॉडी हेच काम सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास करतात, आरे सरळ राहतात. सोनीच्या ए९ मार्क ३ मध्ये तर सगळा सेन्सर एकदम वाचला जातो. त्या महाग आहेत आणि तुला आज त्यांची गरज नाही. तू फक्त दुकानात जाताना हे लक्षात ठेव: बॉडी हातात घे, पंख्याचा फोटो सायलेंट शटरवर काढ, पाती किती वाकतात ते बघ. विक्रेत्याला एक शब्द विचारावा लागणार नाही.

बापू कुटीचं आतलं काम परवानगी घेऊन कधीतरी कर. मातीच्या भिंती, बांबूची जाळी, आत थंड अंधार आणि खिडकीबाहेर वैशाखाचं ऊन. एकाच फ्रेममध्ये दोन्ही धरायचे तर बॉडीची सगळ्यात खालची आयएसओ, ट्रायपॉड आणि १४ बिटची रॉ. अशा कामाला फ्रेमचा वेग, फोकसचा वेग काही लागत नाही. इथे मात्र जास्त मेगापिक्सेल कामी येतात. पवनारला धाम नदीच्या काठी परमधाम आश्रमात जमिनीतून निघालेली जी शिल्पं आहेत, भरत-रामाच्या भेटीचं शिल्प त्यातलंच, त्यांचा फोटो सकाळच्या तिरप्या उजेडात ४५ मेगापिक्सेलवर काढला तर छिन्नीचा घाव न घाव मोजता येतो. मगन संग्रहालयातले जुने चरखे, औजारं, वस्त्रं यांची नोंद ठेवायचं काम तुला कधी मिळालं तर तेव्हा मोठ्या मेगापिक्सेलची बॉडी भाड्यानं आण. स्थिर वस्तूला जुनी डीएसएलआरही चालते, आणि आता त्या निम्म्याहून कमी किमतीत पडून आहेत.

पोळ्याचं पान तू वहीत लिहिलं नसशील, लिही. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा एकदा तरी काढ. पोरं आणि लाकडी बैल, काही बैल पोरांच्या डोक्यापेक्षा उंच. तो दिवस पावसाचा असतो. बॉडीवर 'वेदर सील' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस, बॅटरीच्या आणि कार्डाच्या झाकणाभोवती रबरी कड आहे का ते बोट फिरवून बघ. लेन्सच्या माउंटलाही रबरी कडं लागतं, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरतं.

धूळ आणि कापूस. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम मिळालं तर आत लेन्स बदलायची नाही, कधीच नाही. हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, ते सेन्सरवर बसले की आकाशाच्या प्रत्येक फोटोत केस पडल्यासारखे दिसतात. दोन लेन्स लागणार असतील तर दोन बॉडी ने, नाहीतर एकाच झूमवर भागव. मिररलेस घेणार असशील तर कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरसमोर शटर बंद होण्याची सोय आहे का, ते विचार. मेनूत ती असूनही कित्येकांनी चालूच केलेली नसते.

ऊन तर आपलंच. बहुतेक बॉडींच्या कागदावर शून्य ते ४० अंश लिहिलेलं असतं. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फोटो काढायला फारसा त्रास होत नाही, व्हिडिओला होतो. हल्ली लग्नात व्हिडिओही तुलाच काढायला सांगतील. फोर-के ६० वर उन्हात अर्धा तास चालवलं की कित्येक बॉडी तापून बंद पडतात, आणि नेमक्या वरमाला चालू असताना. व्हिडिओचं काम जास्त असेल तर पॅनासोनिकच्या एस५ मार्क २ सारखी आत पंखा बसवलेली बॉडी बघ. नसेल तर पांढरा दुपट्टा ओला करून, पिळून, कॅमेऱ्याच्या वर सावलीला धर, बॉडीला टेकू देऊ नकोस. बंद गाडीत कॅमेरा पाच मिनिटंही सोडायचा नाही. बॅटऱ्या तीन ठेव. डीएसएलआर एका बॅटरीवर दिवस काढते, मिररलेसची बॅटरी बहुधा त्याआधीच संपते.

कंपनी कोणती, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. बॉडी पाच-सात वर्षं चालते, लेन्स वीस. त्यामुळे घरात ज्या लेन्स आहेत, किंवा ज्याच्याकडून तू मागून आणू शकतेस त्याच्याकडे ज्या आहेत, त्या कंपनीकडे आधी बघ. माझ्याकडे निकॉनच्या जुन्या लेन्स आहेत. त्यातल्या एएफ-डी लेन्स निकॉनचा अडॅप्टर लावून झेड बॉडीवर बसतात, पण त्यांचा ऑटोफोकस चालत नाही, कारण त्यांना फिरवणारी मोटर बॉडीत असायची आणि त्या अडॅप्टरमध्ये ती नाही. एएफ-एस चालतात. कॅननच्या ईएफ लेन्स आर बॉडीवर अडॅप्टरनं नीट चालतात. आणि दुरुस्ती कुठे होते ते विचारून घे, इथून नागपूर पंचाहत्तर किलोमीटर आहे, पण तिथूनही बॉडी पुढे मुंबईला जाणार असेल तर हंगामात महिनाभर हात रिकामे राहतील.

पैशाचा माझा नेम साधा आहे. हातात शंभर असतील तर बॉडीत पंचेचाळीसच घाल. चाळीस लेन्समध्ये, उरलेले कार्ड, बॅटऱ्या आणि विम्यात. वडिलांकडून मागून किंवा हप्त्यावर सगळ्यात नवी बॉडी आणि तिच्याबरोबर आलेली साधी लेन्स, ही जोडी मी फार पोरांच्या गळ्यात पाहिली. मांडवात त्यांना आयएसओ बारा हजारावर न्यावी लागते, कारण लेन्सच उजेड घेत नाही. मागच्या पिढीची बॉडी आणि एफ/२.८ ची लेन्स, असं घे.

म्हणजे बहुतेक तू जुनी घेशील, आणि घ्यावीस. तेव्हा असं कर. दिवसा जा, बाहेर उजेडात जा. बिलावरचा आणि बॉडीखालचा नंबर जुळवून घे. बिल नाही म्हणाला तर चहा पिऊन परत ये. शटर किती वेळा पडलंय ते विचार. निकॉनमध्ये ताज्या जेपीईजीतून कळतं, कॅननच्या बऱ्याच बॉडींत सहज कळत नाही. शटर साधारण दीड-दोन लाखांवर आखलेलं असतं, तेव्हा लाखाच्या पुढची बॉडी असेल तर भाव त्या मानानं पाड. मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, डाग दिसतील. झाकण लावून तीस सेकंदांचा एक काढ, लाल-निळे ठिपके किती ते बघ. भिंतीच्याच फोटोत सरळ बारीक रेष दिसली तर ती लेझरची असू शकते, तिथेच थांब. पकडीचं रबर फुगलेलं, सुटलेलं असेल तर बॉडी घामात किंवा पावसात फार राहिली आहे. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर कोणीतरी उघडली आहे. दोन्ही कार्डांच्या जागांत कार्ड घालून प्रत्येकावर लिहून बघ. एकच जागा तपासून घरी आलेली माणसं मला माहीत आहेत.

हे सगळं वाचून तू म्हणशील, मामा, नाव सांग ना. वही भरल्यावर सांगतो. तोवर पैसे खर्च करू नकोस. रविवारी सकाळी ये. माझी डी७५० ठेवलेली आहे, २०१४ ची, चोवीस मेगापिक्सेल, दोन कार्डं. ५० एमएमची लेन्स लावून ती तू तान्ह्या पोळ्यापर्यंत वापर. एक लग्न, एक बाजाराचा दिवस, एक प्रार्थना, आणि तान्हा पोळा, एवढं तिच्यावर काढ. कुठे ती कमी पडली ते त्या त्या दिवशीच रात्री वहीत लिही. अंधारात पडली, की वेगात, की वजनात, की आवाजात. डी७५० ला बिनआवाजी शटर नाही, तेव्हा प्रार्थनेला मागच्या ओळीत बस. बॅटऱ्या तिन्ही रात्रीच चार्जला लावून ठेवतो, चार्जर देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर असेल.